एकटीची रॅकेट

पावणेपाचला प्रमिलाला जाग आली. गजर लावलेला नव्हता. गेली नऊ वर्षे या वेळेसाठी गजराची गरज पडली नव्हती. तिने पाय जमिनीवर टेकवले, केसांचा बुचडा बांधला आणि अंधारातच पलीकडच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन ती थांबली. आत पलंग नव्हता. तो भाड्याचा होता आणि फेब्रुवारीतच परत गेला होता. त्याच्या पायांचे चार फिकट चौकोन तेवढे फरशीवर उरले होते.

ती स्वयंपाकघरात आली. दूध तापत ठेवले आणि ते तापेपर्यंत रात्री पुसलेला ओटा पुन्हा पुसला. डाळींचे डबे खाली उतरवले, त्यांची बुडे कोरड्या फडक्याने टिपली आणि ते होते त्याच क्रमाने वर ठेवले. पाच वाजून दहा मिनिटे झाली होती. नवऱ्याचे, उदयचे, हातरुमाल तिने कालच इस्त्री केले होते. त्यांतल्या एकाची घडी तिला तिरकी वाटली, म्हणून ती मोडून पुन्हा घातली. मग हात धुतले, पुसले, आणि पुसून झाल्यावर ते कुठे ठेवावेत हे तिला कळेना.

तिच्या सासूबाई, जयवंताबाई, नऊ वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. दिवसा एक बाई येत असे. रात्रीची आणि पहाटेची पाळी प्रमिलाची. पावणेपाचला कूस, मग स्पंजिंग, मग नाचणीची पेज, मग शिक्षण खात्यातली अधीक्षकाची नोकरी. जयवंताबाई जानेवारीत गेल्या. सगळे म्हणाले, सुटल्या बिचाऱ्या. आणि काही जण प्रमिलाच्या दंडावर हात ठेवून म्हणाले, तूही सुटलीस. पण शरीराला ते कुणी कळवले नव्हते. ते पहाटे उठून कामाला उभे राही आणि काम न सापडल्याने दिवसभर आतल्या आत येरझारा घालत राही. कार्यालयात बसल्या जागी तिचा पाय हलत असे. जावेने भजनी मंडळ सुचवले. प्रमिला दोनदा गेली, आणि दोन्ही वेळा मधेच उठून तिथल्या बायकांच्या चपला ओळीने लावून आली.

साडेपाचला तिने बूट घातले. आज शुक्रवार होता. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या तीन दिवसांना आता काही अर्थ होता.

तो असा आला. उन्हाळ्यात ती कर्मचाऱ्यांच्या क्रीडागृहाच्या मैदानावर फेऱ्या मारायला जाऊ लागली होती. फेऱ्यांबरोबर डोकेही गरगरत राही. एकदा इमारतीच्या मागच्या बाजूने जाताना तिला आवाज ऐकू आला. कोरडा, ठाम, एकामागून एक. काचेच्या भिंतीपलीकडे एका उंच, पांढऱ्या खोलीत दोन माणसे एकाच भिंतीवर चेंडू मारीत होती आणि भिंत तो त्यांना परत देत होती. प्रमिला तिथे पंचवीस मिनिटे उभी राहिली. तेवढा वेळ तिचा पाय हलला नव्हता, हे घरी गेल्यावर तिच्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी तिने नवशिक्यांच्या स्क्वॉशच्या वर्गात नाव घातले. वय लिहिताना कारकुनाने वर पाहिले. ‘एक्कावन्न’ असे तिने पुन्हा, जरा मोठ्याने सांगितले.

शिकवणारा गौतम सव्वीस वर्षांचा, शांत आणि काटेकोर होता. पहिल्या आठवड्यात त्याने तिला कोपऱ्यातला चेंडू घ्यायला लावले तेव्हा ती पाठीतून वाकली नाही. पाऊल पुढे टाकून, गुडघ्यात उतरून, कमरेतून वळली. तो पाहतच राहिला.

“मॅडम, ये किसने सिखाया आपको?”

“सास ने,” ती म्हणाली.

“अरे वा, वो खेलते थे?”

“नहीं. लेटी रहती थीं.”

त्याला ते कळले नाही, आणि तिने समजावले नाही. पण त्या दिवशी तिला प्रथमच वाटले, की नऊ वर्षांत अंगात भरलेली ती ताकद, जिला आता घरात जागा नव्हती, ती इथे मावते आहे.

या शुक्रवारी वर्ग संपल्यावर गौतमने सगळ्यांना थांबवले. क्रीडागृहाच्या रॅकेटी पहिल्या महिन्यापुरत्याच मिळत. सोमवारपासून त्या नव्या तुकडीला जाणार होत्या. ज्याने त्याने स्वतःची आणायची. ज्याच्याकडे सोमवारी नसेल त्याची जागा प्रतीक्षायादीतल्या माणसाला, आणि यादीत अकरा नावे होती.

“महाग नको,” त्याने तिला नंतर बाजूला सांगितले. तो तेलुगू घरातला, पण तिच्याशी मोडके मराठी बोलण्याचा त्याला आनंद वाटे. “दोन हजारात चांगली येते. अॅल्युमिनियम नको, ग्रॅफाइट. एकशेचाळीस, एकशेपन्नास ग्रॅम. तोंड मोठं पाहिजे, म्हणजे जरा चुकलं तरी चेंडू जातो. आणि मॅडम, हातात धरून घ्या. दुसऱ्याच्या हातानं नको.”

तिने ते सगळे कार्यालयीन पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतले.

*

प्रमिलाच्या सासरी, उमरीकरांच्या घरात, वस्तू घेण्याची एक रीत होती. मूळ घर जुन्या शहरातल्या गौलीगुड्यात, बेगमबाजाराच्या भांड्यांच्या दुकानांना लागून. त्यामुळे भांडे हातावर तोलून, जड पाहून घ्यायचे आणि घेतल्यावर तिथेच त्याच्यावर घराचे नाव घालून आणायचे, हे तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडले होते. अंबरपेठेतल्या या फ्लॅटमध्येही फुलपात्रापासून पिंपापर्यंत सगळ्यांवर ‘उमरीकर’ होते. दुसरी रीत जयवंताबाईंची. लग्न होऊन आलेल्या प्रमिलाने माहेरून आणलेला चिवड्याचा डबा आपल्या कपाटात ठेवला, तेव्हा त्या रागावल्या नव्हत्या. नुसते म्हणाल्या होत्या, “एकट्याचा डबा घरात नको, सूनबाई.” डबा स्वयंपाकघरात आला. त्यानंतर एकतीस वर्षांत प्रमिलाने केवळ आपल्या वापरासाठी असे जे घेतले ते कपडे आणि चष्मा.

त्याच शुक्रवारी, वर्गावरून परतल्यावर, न्याहारीच्या वेळी तिने विषय काढला.

“मला एक रॅकेट घ्यायची आहे. सोमवारच्या आत.”

उदय दिवाणी न्यायालयात वकील. कोर्टात जाण्यापूर्वी तो उपमा उभ्यानेच खात असे. “रॅकेट! वा. पुढच्या वर्षी ऑलिंपिकला चलायचं का?”

“बाबा, चेष्टा पुरे ना,” मुलगी, रसिका, मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली. ती दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करीत होती. “आई सिरियसली चांगली खेळते. मी व्हिडिओ बघितला.”

“मी कुठं नाही म्हणतोय? तू दगदग करू नकोस, प्रमिला. उद्या दुपारी मला तसंही गौलीगुड्याकडं जायचंय. मी बघतो.”

“हातात धरून घ्यावी लागते, म्हणत होते.”

“अगं, मला हात नाहीत का?”

तिने पाकीट पुढे केले. उदयने ते कोटाच्या खिशात ठेवले आणि तो गेला. त्याच्यामागे प्रमिला उठली, आणि स्वच्छ टेबल तिने पुसून काढले.

शनिवारी संध्याकाळी उदय घरी आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लहानपणीच्या दुकानातून आल्याचा आनंद होता. हातात लांबट पुडके होते.

“डोळे मीट.”

“अहो, काहीतरीच काय.”

“बरं, उघडेच ठेव. हे बघ! चार रॅकेटी, जाळी, आणि डझनभर फुलं.”

रसिकाने एक रॅकेट उचलली. “बाबा... या बॅडमिंटनच्या आहेत.”

“मग? रॅकेट ती रॅकेट.”

“तसं नसतं हो. स्क्वॉशची वेगळी असते. आईनं पाकिटावर लिहून दिलं होतं ना?”

“पाकीट कोर्टात राहिलं, त्या कोटात. आणि ऐक, दुकानदार काय म्हणाला ते. म्हणाला, वकीलसाहेब, एक घेतली तर एक जण खेळणार. चार घ्या, घर खेळेल. मला पटलं. तुझा दादा, अभिजीत, दिवाळीला पुण्याहून येईल, तोही खेळेल. प्रमिला, हातात घेऊन बघ. जाड काडीची घेतली मुद्दाम. वजन बघ काय आहे!”

प्रमिलाने रॅकेट हातात घेतली. मुठीवर काळ्या शाईत, ठसठशीत, ‘उमरीकर’ असे लिहिले होते. चारींवर.

“नाव घालूनच आणलं,” तो म्हणाला. “म्हणजे आता परत घेणार नाही तो. पण परत कशाला करायचंय?”

“छान आहेत,” ती म्हणाली.

“आणि त्या कोंदट खोलीत कशाला जायचं? आपली गच्ची आहे. सोमवारपासून मी सहाला उठतो. उठतो म्हणजे उठतो, हसू नकोस रसिका. तू इतकी वर्षं माझ्या आईसाठी उठलीस. मी आता तुझ्यासाठी उठायला नको?”

तो हे मनापासून बोलत होता. तो कंजूष असता, हुकूम करणारा असता, तर प्रमिला भांडली असती. तिने जाळीची दोरी सोडवायला घेतली. गाठ सुटली तरी तिची बोटे दोरीत फिरत राहिली.

*

रविवारी सकाळी तिघांनी गच्चीवर जाळी बांधली. एक टोक पाण्याच्या टाकीला, दुसरे कपडे वाळत घालायच्या तारेच्या खांबाला. उदय पायजम्यात होता आणि उत्साहात होता. त्याने फूल मारले. ते वाऱ्याने तिरके झाले. प्रमिलाने पाऊल टाकून, कमरेतून वळून ते परतवले. ते सरळ उदयच्या कानाजवळून खाली रस्त्यावर गेले.

“अगं, बेताने! हा खेळ आहे, फौजदारी नाही.”

ती बेताने खेळू लागली. फूल त्याच्या उजव्या हाताशीच पडेल, फार वर नाही, फार जोरात नाही, असे ती मारू लागली. त्याचा गुडघा दुखरा होता, म्हणून डावीकडे मारायचे नाही. त्याला धाप लागली की बुटाची नाडी बांधायला थांबायचे. दहा मिनिटे गेली आणि तिच्या ध्यानात आले, की ती खेळत नव्हती. आपण काय करतो आहोत हे तिला नीट ओळखू आले: दुसऱ्याच्या अंगाचा अंदाज घेत, त्याला दुखणार नाही अशा बेताने हात चालवणे. हे तिला उत्तम येत होते.

भिंतीला असे काही लागत नसे. भिंतीवर हवे तेवढे जोरात मारता येई.

“मजा आली की नाही?” उदयने विचारले. त्याच्या पाठीवर गंजीफ्रॉक भिजला होता.

“आली,” ती म्हणाली. आणि ते खोटेही नव्हते, कारण त्याला आली होती.

जेवण झाले. भांडी आवरली. उदय आडवा झाला. प्रमिला खिडकीशी गेली, परत आली, एकदा बसली, पुन्हा उठली. साडेतीनला तिने चपला घातल्या.

“दिलसुखनगरला जाऊन येते.”

“मी येऊ?” रसिकाने पुस्तकातून विचारले. तिने आईच्या चेहऱ्याकडे पाहिले. “नको का? ओके. दुकान माझ्या क्लासच्या मागच्या गल्लीत आहे. रविवारी उघडं असतं.”

प्रमिलाने कुठले दुकान हे सांगितले नव्हते.

*

दुकान अरुंद होते. दोन्ही भिंतींवर छतापर्यंत क्रिकेटची पॅडे, चेंडूंच्या जाळ्या, दोरीउड्यांच्या दोऱ्या. मालक पांढऱ्या दाढीचे, जाड चष्म्याचे गृहस्थ होते.

“बोलो अम्मा, क्या होना?”

“स्क्वॉश की रैकेट.”

त्यांनी चार-पाच समोर मांडल्या. प्रमिलाने एकेक उचलून हातावर तोलली आणि सर्वांत जड होती ती बाजूला काढली. हे तिने विचार करून केले नव्हते.

“ये मज़बूत लगती है.”

“अम्मा, ये बेगमबाज़ार का भगोना नहीं है,” ते हसून म्हणाले, “तौल के नक्को लेओ. ये अॅल्युमिनियम की है. दो टुकड़े जोड़ के बनाए. दीवारकू लगी की यहींच से जाती.” त्यांनी सांध्यावर बोट टेकवले. “किसके वास्ते होना?”

“बच्ची के वास्ते,” प्रमिला म्हणाली.

ते इतक्या सहज तोंडून गेले, की ती स्वतःच दचकली.

“तो बच्चीकू लेके आओ. हाथ देखे बगैर मैं कैसा देऊं? मूठ मोटी हुई तो छाला पड़ता, पतली हुई तो रैकेट घूमती. कब आती बच्ची?”

प्रमिलाने मागे दाराकडे पाहिले. गल्लीतून एक रिक्षा हॉर्न वाजवीत गेली. अजूनही निघून जाता आले असते. घरी चार रॅकेटी होत्या, नाव घातलेल्या, प्रेमाने आणलेल्या. उद्या सहाला उदय कदाचित उठलाही असता. एखादा आठवडा तो उठला असता. आणि तोवर यादीतल्या अकरांपैकी कुणीतरी तिच्या जागी त्या पांढऱ्या खोलीत पाऊल टाकले असते.

“बच्ची नहीं आती,” ती म्हणाली. “मेरे वास्ते होना.”

ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा वर सरकवला. “तो पैलेच बोलना था ना अम्मा. हाथ बताओ.”

त्यांनी एक रॅकेट तिच्या हातात दिली आणि बोटांची टोके आणि तळवा यांच्यामध्ये केवढी फट राहते ते वाकून पाहिले. मूठ तिच्यासाठी जाड होती. दुसरी दिली, ती फार हलकी, चकचकीत, किमतीने दुप्पट. “ये नक्को,” त्यांनी स्वतःच ती काढून घेतली. “सीखनेवाले का हाथ दीवारकू लगताच लगता. टूटी तो आपका दिल टूटता.” मग त्यांनी मागच्या फळीवरून एक काढली. मागच्या वर्षीची, पोपटी रंगाची, चौकटीवर रंगाचा एक ओरखडा. ग्रॅफाइट, एकसंध, एकशेपंचेचाळीस ग्रॅम. तारांचे तोंड रुंद, खाली गळ्याशी उघडे. त्यांनी तारांवर अंगठा दाबून पाहिला. “रंग पुराना है, इसलिए पड़ी है. चीज़ में कुछ खोट नहीं. अठरासौ.”

प्रमिलाने ती धरली. फट बरोबर एका बोटाची होती. तिने दुकानाच्या मधोमध पाऊल पुढे टाकले, गुडघ्यात उतरली आणि वळली. दोऱ्यांचा एक घोस खाली आला.

“हौ,” ते दोऱ्या उचलीत म्हणाले, “आपकेच वास्ते है.”

परतताना रॅकेट पिशवीत मावेना. तिचे तोंड बाहेर राहिले. अंबरपेठेच्या थांब्यावर उतरल्यावर प्रमिलाने दोनदा ते पदराखाली घेतले आणि दोनदा बाहेर काढले. घरी कपाटात, हिवाळ्याच्या पांघरुणांमागे, ती सहज राहिली असती. सोमवार, बुधवार, शुक्रवार काढायची आणि पुन्हा ठेवायची. कुणाला दुखवायला नको.

घरात उदय फोनवर एका अशिलाशी बोलत होता. प्रमिला स्वयंपाकघरात गेली. लोणच्याच्या बरण्यांवर वर्ष लिहायचे काळ्या शाईचे जाड पेन तिने काढले, आणि रॅकेटच्या मुठीवर एकेक अक्षर दाबून लिहिले: प्रमिला. आडनाव लिहायला जागा होती. तिने पेनला टोपण लावले.

जयवंताबाईंच्या खोलीच्या दाराशी एक खुंटी होती. नऊ वर्षे तिच्यावर शेकण्याची रबरी पिशवी असे. तिथे, येता-जाता दिसेल अशी, तिने रॅकेट अडकवली. शेजारी जमिनीवर त्या चार रॅकेटी भिंतीला टेकून होत्या.

सोमवारी पावणेपाचला तिला जाग आली. दूध तापवले. ओटा पुसला नाही. साडेपाचला बूट घालून ती बाहेरच्या खोलीत आली, तेव्हा उदय तिथे उभा होता. केस विस्कटलेले, हातात जाड काडीची रॅकेट. तो खरोखर उठला होता. त्याची नजर खुंटीवर होती.

“हे नाव कुणी घातलं?”

“मी.”

त्याने पुन्हा वाचले. मग खाली आपल्या हातातल्या रॅकेटकडे पाहिले, आणि पाकिटावरचे ते अक्षर त्याला आता आठवले असावे, कारण त्याने डोके खाजवले.

“माझं जरा चुकलंच की.”

“गच्चीवर उद्या खेळू,” प्रमिला म्हणाली. “मंगळवारी. आज माझा वर्ग आहे.”

तिने खुंटीवरून रॅकेट काढली. उदय बाजूला झाला; दाराची वरची कडी जड होती, ती त्याने काढून दिली.

क्रीडागृहात गौतमने रॅकेट पाहिली, तारा दाबल्या, ओरखड्यावरून बोट फिरवले आणि यादीत तिच्या नावापुढे खूण केली. चेंडू अजून थंड होता. थंड चेंडू उसळत नाही, तो आधी भिंतीवर मारून मारून गरम करावा लागतो. प्रमिला एकटीच आत गेली. काचेचे दार तिने मागे लावून घेतले आणि ती गुडघ्यात उतरली.